आत्याला घेऊन वाघोलीला: दोन दिवस, एक रात्र आणि अकरा जोड चपला

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते मी तिसऱ्यांदा बघत होतो. आत्या पिशवी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ओंकार, तो बंदच आहे. आता त्याला स्वतःवर संशय यायला लागेल."

या ब्लॉगवर मी स्वस्तातल्या, बसनं जमणाऱ्या सहलींबद्दल लिहितो. ही सहल सदाशिव पेठेतून वाघोलीला, म्हणजे पुण्यातून पुण्यातच होती, आणि बघायला डोंगर, धरण, किल्ला असलं काहीच नव्हतं. आम्ही ज्येष्ठांची एक वसाहत बघायला चाललो होतो. बघायला म्हणजे नुसती चक्कर मारायला नाही, एक रात्र राहून बघायला. अशा जागा शोधणारे बरेच जण असतील, म्हणून सगळं नीट लिहितो. जागेचं नाव देत नाही. तिथल्याच लोकांनी सांगितलं, "लिही, पण नाव नको. आधीच लिफ्टला रांग असते."

आत्या म्हणजे शकुआत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण, वय बहात्तर. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, आता पेन्शन आहे. लग्न केलं नाही. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं तेव्हा मी बार्शीहून तिच्याकडे आलो तो तिथेच राहिलो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये मजकूर जुळवायचं काम करतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही.

गेल्या श्रावणात आत्या डबा काढताना स्टुलावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा अडकला की उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. मी प्रेसमध्ये. जेवायला घरी आलो तेव्हा ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती आणि मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत होती. "हाताला येत होती म्हणून घेतली," म्हणाली. "दोन तास नुसतं बसून काय करू?"

त्यानंतर महिनाभरानं तिनं जाहीर केलं की तिला कुठेतरी जाऊन राहायचंय, जिथे दिवसा माणसं असतात. चार जागांची माहितीपत्रकं मागवली. तीन बाद केली. या चौथ्या जागी एक खोली रिकामी होत होती. आधी एक रात्र पाहुण्यांच्या खोलीत राहून बघायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या नावाला. मला 'नाही' हवं होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण रेग्युलेटर तीनदा बघणाऱ्या माणसाच्या मनातलं ओळखायला फारशी हुशारी लागत नाही.

प्रवासाचं सांगतो. घरापासून मनपापर्यंत रिक्षा, मीटरनं साठ रुपये. तिथून वाघोलीची बस, माणशी चाळीस. सातच्या आत निघालात तर येरवडा, विमाननगर, खराडी बायपास असं सरळ जाता येतं. नऊनंतर निघालात तर सोबत डबा घ्या. आत्याला बायकांच्या बाजूला खिडकी मिळाली. मी मागे उभा राहून खराडीपुढची मोठी हॉस्पिटलं मोजत होतो आणि प्रत्येकापासून वाघोली किती लांब पडते ते मोबाइलवर बघत होतो. अंतर फार नाही. पण समोरून शहराकडे येणारी रांग तेव्हाच थांबायला लागली होती, आणि ॲम्ब्युलन्स त्याच रांगेतून येणार हे लक्षात आल्यावर मी मोबाइल खिशात ठेवला.

वाघोलीत उतरून इडली-वडा आणि दोन चहा, सत्तर रुपये. वडा बरा, सांबार गोड. मग माणशी वीस रुपयांत शेअर रिक्षा. रिक्षावाला इथलाच, साठीच्या आसपासचा.

"म्हाताऱ्यांच्या सोसायटीत का?" त्यानं विचारलं. "माहीत हाय की. आमच्या चुलत्याचंच रान व्हतं ते. आधी ज्वारी व्हायची तिथं, आता आजी-आजोबा होत्यात."

"पीक कसं आहे?" आत्यानं विचारलं.

"जोरात हाय," तो म्हणाला. "पाणी मात्र टँकरचं."

पाण्याचा मुद्दा तेव्हाच डोक्यात पक्का झाला.

वसाहत म्हणजे चार मजल्यांची एक इमारत, पुढे बाग, मागे भोजनगृह. लिफ्ट दोन, त्यातली एक स्ट्रेचर मावेल एवढी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूमच्या फरशा खरखरीत, दारं बाहेर उघडणारी. हे सगळं मी बघितलं आणि मनात नसतानाही मला आवडलं. डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतात, व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज. डिपॉझिट चार लाख, सोडताना परत मिळतं पण रंगकामाचे पैसे कापून. महिन्याला एकोणीस हजार, त्यात जेवण आणि कपडे धुणं आलं, वीज वेगळी. टँकर सकाळी येतो आणि दुपारी दोन ते चार नळ बंद असतात. माहितीपत्रकात ते दोन तास 'विश्रांतीची वेळ' म्हणून छापलेत.

पाहुण्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. तिथे प्रतिभा नावाची मुलगी चहा घेऊन आली. यवतमाळकडची, मजल्यावरच्या लोकांची देखभाल तिच्याकडे.

"आजी, साखर टाकू का जी?"

"मी कुणाची आजी नाही," आत्या म्हणाली. "बाई म्हण. शाळेत हजार मुली म्हणायच्या, तुलाही जमेल."

"बरं बाई."

प्रतिभानं लगेच सुधारलं. मॅनेजरसाहेब मात्र दोन्ही दिवस 'आजी'च म्हणत राहिले. माणूस मेहनती आहे, पण त्याला वाटतं की साठीनंतर सगळ्यांना वाढदिवस आणि माइक आवडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बागेत कुणाचा तरी वाढदिवस चालू होता आणि ज्यांचा होता ते सोडून सगळे माइकवर बोलत होते.

आत्या खाली गेली तेव्हा मी घंटा तपासली. प्रत्येक खोलीत पलंगापाशी एक आणि बाथरूममध्ये एक अशी दोरी लटकते. ओढली की खालच्या मजल्यावरच्या फळीवर त्या खोलीचा दिवा लागतो आणि घंटा वाजते. मी ओढली आणि घड्याळ बघत बसलो. प्रतिभा धापा टाकत आली तेव्हा सहा मिनिटं होऊन गेली होती.

"काय झालं जी?"

"काही नाही. बघत होतो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला कपाटात शिरावंसं वाटलं. मग म्हणाली, "दादा, जेवणाच्या टायमाला मी एकटीच असते. दोन आजोबांना भरवून राहिली होती. एकाचा घास तसाच ठेवून आली." मी माफी मागितली. पण सहा मिनिटं लक्षात ठेवली.

जेवण साडेबाराला. पोळ्या मऊ, वरण चांगलं, भाजीत मीठ नावापुरतं. आमच्या टेबलावर दोघं होती. देवधर सर, वय ब्याऐंशी, विमा कंपनीतून निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरच राहतात. आणि लीलाताई, त्यांच्याच मजल्यावरच्या, पंचाहत्तरच्या, दोन्ही कानांना यंत्र. सरांनी मीठदाणी माझ्याकडे सरकवली.

"स्वतःची आणलीय," ते म्हणाले. "इथे मीठ मागितलं की डॉक्टर येतात."

"जेवण रोज असंच?" मी विचारलं.

"नाही, आज पाहुणे आहेत म्हणून बरंय."

"सर, खरं सांगा. जागा कशी आहे?"

त्यांनी थोडा विचार केला. "रात्रीचं जेवण सातला. दहाला भूक लागते. दहाला झोपही लागते. त्यामुळे तक्रार करायची वेळच सापडत नाही."

लीलाताई आत्याला म्हणाल्या, "मेंढीकोट येतं का हो तुम्हाला? आमचा चौथा भिडू मुलीकडे गेलाय तो महिनाभर येत नाही. तीन जणांत काय खेळणार, कपाळ?"

संध्याकाळी त्यांच्या तिसऱ्या भिडूनं मला जागा दिली आणि आम्ही चौघं खेळलो. आत्या आणि लीलाताई एका बाजूला, सर आणि मी दुसऱ्या. घरी नऊ वर्षांत आत्या पत्ते खेळते हे मला माहीत नव्हतं, कारण घरी आम्ही दोघंच. तिनं आमच्यावर दोनदा कोट केला. दुसऱ्यांदा चारही दहश्श्या गोळा करताना ती इतकी मोठ्यानं हसली की प्रतिभा बघायला आली. मी शेवटची दहश्शी चुकीच्या हातावर टाकली होती. सर म्हणाले, "काळजी करू नकोस. हरताना सोबत मिळणं हेही काही कमी नाही."

रात्री आत्या लवकर झोपली. मी बराच वेळ जागा होतो. 'नाही' म्हणण्याची माझी कारणं मांडत होतो: टँकर, मीठ, सहा मिनिटं, रस्त्यावरची रांग. पण ते हसणं मध्ये यायचं आणि कारणं घसरायची.

रविवारी मला साडेसहाला जाग आली. आत्या बागेत गेली होती. मी चहासाठी बाहेर पडलो आणि बोळात थांबलो. प्रत्येक दारासमोर चपलांचा एक जोड होता, आणि बहुतेक सगळे दाराकडे तोंड करून, जसे काढले तसेच. आमच्या घरी एक रीत आहे. पाहुणा आत गेला की त्याच्या चपला फिरवून ठेवायच्या, बाहेर तोंड करून, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो, वळून वाकावं लागत नाही. आत्यानंच शिकवलेली. इथे तर सगळे गुडघ्यांचे रुग्ण. मला वाटलं, आपण एवढं तरी करू. मी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि अकराही जोड नीट जुळवून, बाहेर तोंड करून ठेवले. दोघातिघांचे आधीच फिरवलेले होते, तेही सरळ केले. वळून बघितलं तेव्हा छान वाटलं. छापायला जाण्याआधी जुळवलेल्या पानासारखं.

खाली चहा घेतला. मग टँकर बघायला गेलो. ड्रायव्हरशी बोलून किती फेऱ्या होतात ते विचारलं. आठला नाश्त्याला पोहोचलो. रविवारी साबुदाण्याची खिचडी असते आणि तिला मीठ व्यवस्थित असतं, म्हणून सगळे वेळेवर येतात. आत्या आणि लीलाताई आधीच बसल्या होत्या. सरांची खुर्ची रिकामी होती.

"सर आले नाहीत?" आत्यानं विचारलं.

"येतील. उठलेत केव्हाच," लीलाताई म्हणाल्या. "आज तर अख्खा मजला वेळेत उठला. असं कधी होत नाही."

"तुम्ही भेटलात त्यांना?"

"भेटायला कशाला हवं? चपला फिरल्यात ना." मग त्यांनी आत्याला समजावून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांची आपसातली पद्धत आहे. रात्री झोपताना चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या. सकाळी उठलं की दार उघडून त्या बाहेरच्या दिशेला फिरवायच्या, मग आत जाऊन चहा करा, पूजा करा, परत झोपा, काहीही करा. सातला लीलाताई बोळातून एक फेरी मारतात. ज्याच्या चपला फिरलेल्या नाहीत त्याचं दार वाजवायचं. ऑफिसला हे माहीत नाही. "माहीत झालं तर त्याचाही वाढदिवस करतील," त्या म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला.

"लीलाताई, चपला मी फिरवल्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

आत्या उठली. एवढ्या पटकन ती श्रावणानंतर कधी उठली नव्हती. आम्ही तिघं लिफ्टनं वर गेलो. सरांच्या चपला दाराबाहेर होत्या, मी ठेवल्या तशाच, अगदी सरळ. आत्यानं दार वाजवलं. आतून आवाज आला, पण शब्द कळेना. प्रतिभा किल्ली घेऊन धावत आली.

सर पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. पाय लांब केलेले, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. अंगाभोवती पलंगावरून ओढलेलं पांघरूण. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होते.

"या," ते म्हणाले. "खिचडी संपली का?"

मोजा घालताना ते काठावरून घसरले होते. लागलं नव्हतं, पण गुडघे टेकून उठायला जमत नव्हतं. घंटेची दोरी पलंगाच्या डोक्याशी होती आणि तिचं टोक माझ्या कमरेएवढ्या उंचीवर संपत होतं. जमिनीवरून हात पोहोचत नव्हता. मोबाइल टेबलावर.

"मी निवांत होतो," सर सांगत होते. "म्हटलं, चपला दाराकडे बघतायत, सातला लीलाबाई येणार. आल्याही. दाराबाहेर उभं राहून म्हणाल्या, वा, आज सगळे उठले. मी आतून ओरडलो, मी नाही उठलो! पण या बाई फेरी मारून आल्यावर कानाला यंत्र लावतात."

लीलाताईंनी दोन्ही कानांवर हात नेले आणि रडायला लागल्या. मग मी सांगितलं की चूक त्यांची नाही. चपला कुणी आणि का फिरवल्या ते सगळं सांगितलं. सर ऐकत होते. प्रतिभा आणि मी मिळून त्यांना पलंगावर बसवत होतो तेव्हा ते माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या शिस्तीमुळे बसलो होतो."

"हो सर."

"किती वेळ?"

"तास. थोडा जास्तच."

"लिहून ठेव," ते म्हणाले. "देणं आहे तुझ्याकडे."

डॉक्टरांना फोन झाला. रविवार असूनही ते पाऊण तासात आले, हे जागेच्या बाजूनं लिहायला हवं. रक्तदाब, साखर, गुडघे सगळं तपासलं. काही झालं नव्हतं. सरांनी खोलीतच खिचडी खाल्ली, दोनदा मागून.

मी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसलो. आत्या ओरडेल असं वाटत होतं. ती आली आणि मॅनेजरसाहेबांना बोलवून आण म्हणाली. ते आल्यावर तिनं आमच्याच पलंगाजवळची दोरी हातात धरली.

"ही कुणासाठी आहे?"

"इमर्जन्सीसाठी, आजी."

"इमर्जन्सीत माणूस उभा असतो की पडलेला?"

साहेबांनी दोरीचं टोक बघितलं. "कंपनीनंच या उंचीवर बसवलीय. मी आजच रिक्वेस्ट टाकतो."

"टाका. ती येईपर्यंत मी नाडी लावते."

"नाडी? आजी, ते दिसायला बरं दिसणार नाही."

"पडलेला माणूस दिसायला बरा दिसतो का?"

साहेबांनी हात जोडले. वैतागानं नाही, मला वाटतं सुटल्यासारखं. म्हणाले, "लावा. बिल माझ्याकडे द्या, व्हाउचर करतो."

आम्ही रिक्षानं वाघोलीच्या बाजारात गेलो, जाऊन-येऊन शंभर. शिवणाच्या सामानाचं दुकान रविवार असून उघडं होतं. दुकानदारानं विचारलं, "किती परकरांसाठी हवीय मावशी?" आत्या म्हणाली, "परकरांसाठी नाही. पडलेल्यांसाठी." तिनं पांढऱ्या नाडीची दोन बंडलं घेतली आणि कोटाची मोठी बटणं. शिवायला सुईदोरा तिच्या पिशवीत असतोच.

दुपार त्यातच गेली. आत्या खुर्चीवर बसून नाडी कापायची, एका टोकाला बटण शिवायची. बटण यासाठी की हात थरथरत असेल तरी बोटांना काहीतरी धरायला मिळावं. मी दुसरं टोक दोरीला बांधायचो. मग प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवा व्हायचो आणि पडलेल्या जागेवरून हात पोहोचतो का ते बघायचो. पलंगाच्या या बाजूनं, त्या बाजूनं, बाथरूमच्या दारात. खालून प्रतिभाचा आवाज जिन्यातून वर यायचा: "दादा, खरंच पडून राहिले की टेस्टिंग करून राहिले?" पाचव्या खोलीनंतर तिनं नियम केला, टेस्टिंगला दोनदा ओढायची, खरं असेल तर सोडायचीच नाही. तो नियम आता सगळ्या मजल्याला पाठ आहे.

सरांच्या खोलीतली नाडी सगळ्यात शेवटी बांधली. सरांनी पलंगावरून बघितलं. "बटण काळं का? मला निळं चालेल." आत्यानं उसवून निळं लावलं.

चारला नळ आले. आम्ही दोघं बागेत बाकावर बसलो. संध्याकाळी सांगायचं होतं. मला वाटलं, आता ती नाहीच म्हणणार. जिथे माणूस तासभर जमिनीवर बसून राहतो तिथे कशाला जायचं? मला जे हवं होतं ते माझ्याच चुकीनं मिळणार होतं, आणि ते मला नको झालं होतं. म्हणून मीच म्हणालो, "आत्या, आजचं माझ्यामुळे झालं. त्यावरून जागेला नापास करू नकोस."

"कोण नापास करतंय?" ती म्हणाली. "मीठ कमी आहे. पाणी दोन तास जातं. मॅनेजरला बाई म्हणायला शिकवायला वर्ष लागेल. रस्ता वाईट आहे, आजारी पडायचं तर पहाटेच पडायला हवं. सगळं दिसलं मला." मग म्हणाली, "आपल्या घरी मी दोन तास बसले होते, ओंकार. इथे सर एक तास बसले, आणि तेही तू चपला फिरवल्यास म्हणून. नसत्यास फिरवल्या तर सातलाच दार वाजलं असतं. घरी माझ्या चपला कोण बघणार होतं?"

प्रेसला जाताना मी रोज तिच्या चपला नीट जुळवून ठेवायचो, हेच तेवढं आठवलं.

तिनं पेन्शनच्या खात्यावरून टोकनचा धनादेश दिला. मग शेअर रिक्षा, बस, मनपापासून रिक्षा, या वेळी सत्तर. परतताना खराडीला आम्ही सव्वा तास अडकलो. आत्या खिडकीला डोकं टेकून झोपली. मी उभ्या उभ्या तिच्या पिशवीकडे लक्ष ठेवत होतो, उरलेल्या नाडीचं टोक बाहेर आलं होतं.

हे लिहितोय तेव्हा तिला तिथे जाऊन तीन आठवडे झालेत. बाकीच्या मजल्यांनीही नाड्या मागितल्या, त्यामुळे तिला काम पुरतंय. मॅनेजरसाहेब एकदा 'बाई' म्हणाले, मग लगेच 'आजी' म्हणाले. लीलाताई आता यंत्र लावूनच फेरी मारतात. चौथा भिडू मुलीकडून परत आला तर त्याला काय सांगायचं, यावर जुन्या तिघांची बैठक झाली.

अशी जागा बघायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. लिफ्ट बघा, डिपॉझिटमधून काय कापतात ते विचारा, दोन वेळा जेवून बघा. पण एकदा खोलीच्या जमिनीवर बसा आणि तिथून काय काय हाताला येतं ते बघा. आणि तिथे राहणाऱ्यांनी आपसात काय ठरवलंय ते विचारा, ते माहितीपत्रकात नसतं. तोवर कशालाही हात लावू नका.

घरात आता मी एकटा. पहिल्या आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. समोरच्या दामलेकाकू होत्या, हातात किसणी तशीच.

"बरा आहेस ना?"

"हो. का काकू?"

"साडेआठ वाजले आणि तुझ्या चपला अजून आत बघतायत. शकुताई जाताना सांगून गेल्यात. म्हणाल्या, बाकी काही बघू नका, तेवढं बघा."

आदल्या रात्री प्रेसमध्ये पत्रिकांची गर्दी होती, मी उशिरा आलो होतो आणि झोप लागली होती, एवढंच. मी बाहेर येऊन चपला फिरवल्या. काकूंनी बघितलं, मान हलवली आणि खोबरं किसायला परत गेल्या.

आता हिशेब.

जाताना रिक्षा ६०, बस ८०, नाश्ता ७०, शेअर रिक्षा ४०. पाहुण्यांची खोली, दोघांच्या जेवणासकट, १८००. बाजारात जाऊन-येऊन रिक्षा १००, नाडी १२०, बटणं ६०. येताना शेअर रिक्षा ४०, बस ८०, रिक्षा ७०. एकूण खर्च २५२० रुपये. टोकन आत्यानं दिलं, ते यात धरलेलं नाही.

येणं: नाडी आणि बटणांचे १८० रुपये. व्हाउचर झालंय, सही व्हायचीय.

देणं: देवधर सरांचा एक तास. परवाच्या रविवारी जाऊन मेंढीकोटात फेडायला बसलो. अडीच तास खेळलो आणि आम्ही दोघं हरलो. उठताना विचारलं, तर सर म्हणाले, हा धरायचा नाही, हा व्याजात गेला.